मारहाण : शून्य

१० जून १९९६, सोमवार

काउंटीच्या कमिशनर-मंडळाचे अध्यक्ष हार्लन वीझे आज सकाळी घरी आले. एप्रिलमध्ये माझी पत्नी ॲडलिन गेली; त्यानंतर स्वयंपाकघरातील टेबलाशी माझ्याखेरीज कोणी बसण्याची ही पहिलीच वेळ. कॉफी मी केली. ती बेचव झाली असावी, कारण हार्लन यांनी तीत दोनदा साखर घातली आणि तरीही अर्धा कप तसाच ठेवला.

"लीलंड, लिंकनला बसून तू उभ्या नेब्रास्काच्या चोऱ्यामाऱ्या मोजल्यास," ते म्हणाले. "आता घरच्याही मोज की. नुसता खिडकीत बसून मका वाढताना बघत राहिलास, तर तुलाच मुळं फुटतील."

काम असे आहे : टर्लो काउंटीच्या शेरीफच्या हाताखाली एकच डेप्युटी आहे, क्लिंट. उत्तरेकडील शेतवस्त्या तो सांभाळतो. त्याचे पद राखावे की रद्द करावे, यावर ऑगस्टच्या सभेत मतदान व्हायचे आहे. त्यापूर्वी गेल्या चाळीस वर्षांतील गुन्ह्यांचा अहवाल मंडळाला हवा आहे.

मी होकार दिला. वस्तुस्थिती अशी की, त्यांनी मला गावातील कोंबड्यांची शिरगणती करावयास सांगितले असते, तरी मी होकारच दिला असता.

१४ जून, शुक्रवार

दिवस कचेरीच्या तळघरात गेला. शेरीफ दर महिन्यास एक छापील तक्ता भरून राजधानीस, लिंकनला, पाठवतो; त्यांच्या स्थळप्रती येथे आहेत. सेवेत असताना ह्याच तक्त्यांच्या मूळ प्रती माझ्या मेजावर येत असत. जुने परिचित भेटल्यासारखे वाटले. ही गोष्ट माझ्याविषयी काय सांगते, ते मला ठाऊक नाही.

लोकवस्ती अल्प असली की दर फसवे होतात. १९७९ साली एका वळूवरून दोन शेजाऱ्यांत गोळी चालली आणि एक माणूस दगावला. चौदाशेंच्या वस्तीत एक खून, म्हणजे लाखामागे एकाहत्तर.

"त्या वर्षी आपण शिकागोला मागं टाकलं होतं!" हार्लन जिन्यातून ओरडले. "दुसऱ्या कशात टाकणार होतो म्हणा!"

अशी तुलना शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य असल्याचे मी त्यांना समजावून सांगितले. ते हसत वर निघून गेले.

घरी परतल्यावर हा प्रसंग ॲडलिनला सांगावा म्हणून मागल्या दारातूनच मी तिला हाक मारली. हाक मारून झाल्यावर ध्यानात आले.

२७ जून, गुरुवार

काही खुलासे मागण्यासाठी शेरीफ मर्ल दोस्ताल याच्याकडे गेलो. आम्ही दोघेही चेक वस्तीतले, त्यामुळे त्याच्या बायकोने केलेले 'कोलाचे', म्हणजे खसखशीचे सारण भरलेले गोड पाव, पुढे आल्यावाचून बोलणे सुरू होत नाही. १९७२ नंतर काउंटीत गुरेचोरीचा एकही गुन्हा कसा नाही, असे मी विचारले.

"आपल्याकडं गुरं चोरीला जात नाहीत, भटकतात," मर्ल म्हणाला. "भटकतात आणि दुसऱ्याच्या कुंपणात सापडतात. मग मी जातो आणि म्हणतो, काय रे, तुझ्याकडं भटकून आलंय वाटतं. तो म्हणतो, हो ना, मी पण आत्ताच बघतोय. झालं. गाय घरी, मी घरी."

"आणि मारहाण?"

"घरातली म्हणतोस?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "क्लिंट जातो. नवऱ्याला बाहेर काढतो आणि चौकोन फिरवून आणतो."

आमच्याकडील रस्ते मैलामैलावर एकमेकांस काटकोनात छेदतात. एक चौकोन म्हणजे चार मैलांची फेरी. नवरा पुढे पायी, मागून दिवे लावलेली क्लिंटची गाडी त्याच्याच चालीने.

"चाललं की दम लागतो, दम लागला की तोंड बंद होतं, आणि तोंड बंद झालं की डोकं चालू होतं," मर्ल म्हणाला. "जानेवारीत जरा लवकर चालू होतं."

"त्याची नोंद?"

"फिरण्याची? कुठल्या रकान्यात करू? तूच सांग, तक्ते तुझे."

तसा रकाना नाही. मी तसे सांगितले आणि दुसरा कोलाच घेतला.

१९ जुलै, शुक्रवार

अहवाल पूर्ण झाला. मारहाणीच्या रकान्यात १९८४ पासून सलग शून्य आहे. चोऱ्या किरकोळ, त्याही बहुतेक शाळेतील मुलांच्या. आलेखाची रेषा इतकी खाली आहे की ती आडव्या अक्षापासून वेगळी दिसावी म्हणून मला लाल शाई वापरावी लागली.

निष्कर्षात लिहिले : 'उपलब्ध आकडेवारीवरून दुसऱ्या अधिकाऱ्याची आवश्यकता सिद्ध होत नाही.' वाक्य निर्दोष आहे. 'उपलब्ध' हा शब्द मी जाणीवपूर्वक योजला. हार्लन यांनी फोनवर ते वाक्य पुन्हा वाचावयास लावले आणि म्हणाले, "लीलंड, हे चौकट करून भिंतीवर लावावं असं झालंय."

सायंकाळी शिवणाच्या खोलीतील रजया आवरल्या. एका पलंगासाठी इतक्या रजया कशाला, हे मला कधीच उमगले नाही. नोकरीच्या काळात मी आठवडाभर लिंकनला खोली घेऊन राहत असे आणि शनिवारी घरी येई. तेव्हा ॲडलिन गावाचा वृत्तान्त सांगे, आणि त्यात कोणी ना कोणी बाई मुक्कामास येऊन गेलेली असेच. 'मार्गीकडचे पाइप गोठले होते, मुलांना घेऊन आली होती.' 'लुएलाकडचे पुन्हा गोठले.' इकडील थंडी कडक आहे, हे मान्य. तरीही ह्या काउंटीतील नळजोडणीचा दर्जा लज्जास्पद असून कोणीतरी आरोग्य खात्यास लिहावयास हवे, असे मी एकदा बोललो. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "लिही, लिही, तूच लिही," म्हणाली.

ती कशासाठी हसली, ते विचारावयाचे राहून गेले. अशा राहून गेलेल्या गोष्टी आता पुष्कळ झाल्या आहेत.

६ ऑगस्ट, मंगळवार

उकाडा असह्य. सावलीत पारा चौऱ्याण्णव फॅरनहाइटवर.

सायंकाळी जेवणाच्या सुमारास मागल्या दारावर थाप पडली. ट्वायला होएसिंग उभी होती. उत्तरेकडील ड्वाइट होएसिंग याची पत्नी, चर्चमध्ये तोंडओळख. इतक्या उष्म्यात तिने लांब बाह्यांचा सदरा घातला होता. तिची लहान मुलगी गाडीत झोपली होती. पुढचे दार असताना लोक मागल्या दाराशी का येतात, हे एक कोडेच आहे.

"मिस्टर कुचेरा, आमच्याकडचे पाइप गोठलेत," ती म्हणाली.

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारले. तिने तेच सांगितले आणि माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे पाहिले.

"ऑगस्ट महिन्यात पाइप गोठणे शक्य नाही," मी म्हणालो. "ते तुंबले असावेत. मुख्य तोटी बंद केली आहे का, ते प्रथम पाहा." आणि मी तिला आत जाऊन प्लंबरचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आणून दिला. माझे अक्षर सुवाच्य आहे.

तिने चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिले. "बरं," ती म्हणाली. "थँक्यू, मिस्टर कुचेरा. ॲडलिन गेल्याचं फार वाईट वाटलं हो." पुन्हा एकदा आभार मानून ती गेली. गाडी फाटकाशी काही काळ थांबलेली होती.

ॲडलिन असती तर तिने त्या मुलीस काहीतरी खावयास दिले असते. मला ते गाडी गेल्यावर सुचले. तरीही आज कोणाच्या तरी उपयोगी पडलो, याचे समाधान आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

हे मी नीट लिहू शकेन की नाही, याची खात्री नाही.

ॲडलिनची थोरली बहीण वेर्ना काकड्या घेऊन आली. ती गावातील वृद्धांसाठीच्या घरकुलांपैकी एका खोलीत राहते. लोणच्यासाठी ती काकड्या चिरू लागली आणि बोलता बोलता म्हणाली की ट्वायला होएसिंग शेजारच्या काउंटीच्या इस्पितळात आहे. जबडा मोडला आहे, मनगटही.

"धान्याच्या कोठीच्या शिडीवरून पडली म्हणे," वेर्ना म्हणाली. "शिडी! गेल्या वर्षी लुएलाच्या सुनेला गाईनं लाथ मारली होती. या काउंटीतल्या शिड्या आणि गाई, देवा रे!"

मी सहज म्हणालो की ट्वायलावर संकटे एकामागून एक येत आहेत. परवाच त्यांच्याकडील पाइपांची तक्रार घेऊन ती येऊन गेली.

वेर्नाची सुरी थांबली. "काय म्हणाली ती? नेमकं सांग."

"पाइप गोठले आहेत, असे म्हणाली. मी तिला सांगितले की ऑगस्टमध्ये ते शक्य नाही."

"ती तुझ्या दारात आली. पाइप गोठलेत म्हणाली. आणि तू तिला सांगितलंस, ऑगस्टमध्ये शक्य नाही."

"मी तिला प्लंबरचा क्रमांकही दिला."

"क्रमांक दिला!" वेर्नाने सुरी ठेवली, हात पुसले आणि खुर्चीत बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "अरे लीलंड, ते पाइप कधीच गोठलेले नव्हते. थंडीत कुणाही बाईला तसं म्हणता येतं. त्यात नवऱ्याचं नाक कापलं जात नाही, शेजारी विचारत नाहीत. मग उन्हाळ्यातसुद्धा तेच म्हणायला लागल्या. ॲडलिन एक शब्द विचारायची नाही. दार उघडायची आणि म्हणायची, या, आमच्याकडचे चालू आहेत."

"मला का सांगितले नाही?"

"तू मोजलं असतंस," वेर्ना म्हणाली.

मी तिच्याशी वाद घातला नाही. मी मोजले असते. काकड्या तशाच राहिल्या.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मर्लकडे गेलो. आज कोलाचे नव्हते. ट्वायलाच्या प्रकरणी त्याने काय नोंदवले, असे विचारले.

"शिडी. ती म्हणते शिडी, ड्वाइट म्हणतो शिडी, डॉक्टरनं लिहिलंय शिडी. मी काय शिडीला अटक करू?"

"क्लिंट कुठे होता?"

"क्लिंटला कुणी फोन केला नाही. फोन करायला घरात थांबावं लागतं. ती थांबली नव्हती, कुठंतरी गेली होती आणि मग परत आली. कुठं गेली होती, ते सांगत नाही." त्याने माझ्याकडे पाहिले नाही, त्याअर्थी त्याला ठाऊक नसावे. किंवा असावे. "आणि तुझ्या अहवालानंतर ऑक्टोबरपासून क्लिंटही नसेल. मग काय, मी एकटा. दक्षिणेकडून उत्तरेला पोचायला पाऊण तास. तोवर सगळे शिडीवरून पडून झालेले असतात."

"तू माझ्या कचेरीस हे कधी कळवले नाहीस."

"सुरुवातीला समासात लिहायचो की. 'नवऱ्याला फिरवून आणला.' मग लिंकनहून पत्र यायचं, समासात मजकूर लिहू नये. खाली सही असायची." तो उठला आणि त्याने दार उघडून धरले. "चांगली सही आहे तुझी. वाचता येते."

२० ऑगस्ट, मंगळवार

सभा झाली.

काल रात्रभर मी सुधारित निष्कर्ष लिहीत होतो आणि फाडत होतो. अडचण लिहिण्याची नव्हती. माझ्या आकड्यांत काय नाही, हे सांगावयाचे तर ते कशात आहे हेही सांगावे लागते. आणि सभेला नवरेही येतात. पाइपांचा तो सांकेतिक शब्द एकदा त्या दालनात उच्चारला गेला असता, तर ह्या काउंटीतील एकाही बाईला तो पुन्हा वापरता आला नसता. ड्वाइट होएसिंग तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. वेर्ना सर्वांत मागे होती.

हार्लन यांनी माझे ते वाक्य मोठ्याने वाचले. मी उभा राहिलो आणि ते मागे घेण्याची अनुमती मागितली.

"मागं घेतोस?" हार्लन हसले. "प्रोफेसर, छापून झालंय. चूक आहे का त्यात?"

"चूक नाही. अपुरे आहे. पुष्कळ घटना नोंदल्या जात नाहीत."

"किती?"

"ते सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजही सांगता येणार नाही."

"लीलंड," ते सौम्यपणे म्हणाले, आणि तो सौम्यपणा माझ्या विधुरावस्थेस उद्देशून होता, "आकडा नाही, तर तुझ्याकडं आहे तरी काय?"

मी मागे पाहिले. वेर्नाने मान किंचित, अगदी किंचित, नकारार्थी हलवली. मी म्हणालो की माझ्याकडे फक्त माझी खात्री आहे. कोणीतरी हसले. मी आयुष्यभर अशा माणसांचे अर्ज परत पाठवले होते.

दोन विरुद्ध एक. पद ३० सप्टेंबरपासून रद्द.

बाहेर पडताना ड्वाइटने माझ्यासाठी दार धरले. "बायको तुमची आठवण काढत होती," तो म्हणाला. "प्लंबरबद्दल." त्याच्या आवाजात काही होते का, ह्याचा मी अजून विचार करीत आहे.

८ सप्टेंबर, रविवार

शिवणाच्या खोलीतील पलंग तयार केला आहे. शीतकपाटात मांस, मुलांसाठी दूध. मागल्या दाराची कडी लावत नाही. कोणी आलेले नाही.

चर्चनंतर वेर्नाला तसे सांगितले. तिने माझा हात धरला. तिने असे पूर्वी कधी केल्याचे स्मरत नाही. "कोण येणार, लीलंड? एकट्या पुरुषाच्या घरात रात्रीची बाई गेली, तर नवऱ्याला सांगायला आयतं कारण. तू कितीही सज्जन असलास तरी."

"मग तू तुझ्याकडे घे."

"माझ्या खोलीत? तिथं माझी खुर्ची आणि मी, दोघींपैकी एकीलाच बसता येतं."

परत येताना तिला घरी सोडले. तिची खोली मी प्रथमच नीट पाहिली. एक खिडकी, एक पलंग, शेगडीचा एकच चालणारा बर्नर. एका माणसाला पुरेशी आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

जागांच्या अदलाबदलीवरून वेर्नाशी भांडण झाले. ती म्हणते, मी शोकाच्या भरात बोलत आहे, वर्षभर थांबावे. मी म्हणालो की जबड्यावरील दुसरी शस्त्रक्रिया उरकून ट्वायला येत्या गुरुवारी इस्पितळातून घरी येत आहे आणि त्यानंतर चार दिवसांनी क्लिंट गाडीच्या किल्ल्या परत करणार आहे. वर्षभर हा कालावधी कोणासाठी सोयीचा आहे?

"हे ॲडलिनचं घर आहे रे. तिचा कोट अजून खुंटीवर आहे."

"म्हणूनच," मी म्हणालो. याहून सुसंगत उत्तर मला देता आले नाही.

शेवटी ती म्हणाली, "पुस्तकं तू ने. तुझी पुस्तकं बघून बायका घाबरतील." ही तिची संमती समजावयाची.

१२ ऑक्टोबर, शनिवार

किराणा दुकानात ट्वायला दिसली. जबड्याला तारा आहेत. ती दातांतून बोलते. ड्वाइट पिशव्या घेऊन मागे उभा होता. मला पुष्कळ बोलावयाचे होते. मी एवढेच म्हणालो की ऑगस्टमध्ये माझ्याकडून नीट मार्गदर्शन झाले नाही.

"तुम्हाला कुठं माहीत होतं," ती म्हणाली. तिने मला दोष दिला असता, तर तो मी कुठेतरी ठेवू शकलो असतो.

"घर मेहुणीला दिलंत म्हणे?" ड्वाइटने मोकळेपणाने विचारले. "आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या खोलीत? उलटंच झालं की सगळं."

"वेर्नाला जागा हवी होती. लोणची घालण्यासाठी," मी उत्तर दिले. मी सहसा खोटे बोलत नाही. पण ट्वायलाने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

बर्फ पडले आहे. ह्या खोलीत नळाचे पाणी कपाटामागून वाहते आणि वरच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ पहाटे उठून रेडिओ लावतात. ॲडलिनचे छायाचित्र खिडकीत ठेवले आहे. इतरत्र जागा नाही. मर्लच्या कचेरीतून ऑक्टोबरचा तक्ता गेला असेल. मारहाणीच्या रकान्यात काय असेल, ते मला न पाहता सांगता येते.

जेवणाच्या वेळी फोन वाजला.

"लीलंड, पाणी तापवायच्या टाकीची ज्योत विझलीये," वेर्ना म्हणाली. ती हलक्या आवाजात बोलत होती. "आणि आता पुष्कळ गरम पाणी लागणार आहे."

मी तिला सांगितले : लाल बटण दाबून धरावयाचे, काडी खालून लावावयाची, आणि ज्योत निळी होईपर्यंत बोट काढावयाचे नाही. ती टाकीकडे गेली तेव्हा फोन तसाच उघडा राहिला. दिवाणखान्यातून पियानोचा सूर आला. कोणीतरी लहान बोटाने एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होते. एप्रिलपासून त्या पियानोचे झाकण कोणी उघडलेले नव्हते.

वेर्ना परत आली. "पेटली. ते वाजवणं बंद करायला सांगू का? तुला ऐकू येत असेल."

"नको," मी म्हणालो.

कोण आहे, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तिने फोन ठेवला. त्या पियानोची मधली पट्टी दोन वर्षांपासून उतरलेली आहे. ॲडलिन माणूस बोलावणार होती. ते वेर्नाला सांगावयाचे राहिले. उद्या सांगेन.